'थरारक' ३१ वेळा: न्यूझीलंडचे सहा दिवस

निघायच्या आदल्या रात्री फाइलमध्ये सर्च मारला तर 'थरारक' ३१ वेळा निघाला. बारा पानांचं ब्रोशर, एका ॲडव्हेंचर पार्कचं, इंग्रजीतून मराठी करायला माझ्याकडे आलेलं, आणि मूळ लिहिणाऱ्याने प्रत्येक झोक्याला नि प्रत्येक दोरीला वेगळं विशेषण लावलेलं, थ्रिलिंग काय, एक्झिलरेटिंग काय, हेअर-रेझिंग, व्हाइट-नकल, हार्ट-स्टॉपिंग, आणि मी सगळ्यांना एकच टोपी घातलेली. थरारक. फारच लाज वाटली तिथे रोमांचक. पंचवीस वर्षं भाषांतरं करतेय, वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं केली, खोकल्याच्या औषधाची केली, पण इतकं आळशी काम हातून झालं नव्हतं.

क्लायंटकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि लॅपटॉपसकट दादाकडे क्राइस्टचर्चला जाऊन पोचले. ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. दादा सिव्हिल इंजिनीअर. २०११ च्या भूकंपानंतर तिकडे गाव नव्याने बांधायचं काम निघालं तेव्हा गेला तो गेलाच. वहिनी आणि चिऊ, म्हणजे माझी भाची, सगळे मिळून कारने साउथ आयलंड फिरायचं ठरलेलं, कारण चिऊला अठरावं लागणार होतं आणि तिला वाढदिवसाला केक नको होता, पुलावरून उडी मारायची होती.

दिवस पहिला: क्राइस्टचर्च ते टेकापो

सव्वादोनशे किलोमीटर, रस्ता सरळ, दोन्हीकडे मेंढ्या. फेअरली नावाच्या गावात थांबून पाय खाल्ले, म्हणजे तो मैद्याचा भरलेला पदार्थ, तिथे त्याचं आपल्याकडे वडापावचं असतं तसं प्रस्थ आहे. वहिनीने घरून धपाटे आणले होते तेही खाल्ले.

त्यापुढे डोंगरात वळलो की मॅकेन्झी कंट्री लागतो. एवढा मोठा पठारी प्रदेश, म्हटलं कुणी गव्हर्नर-बिव्हर्नर असेल हा मॅकेन्झी. दादा म्हणाला, "छे, मेंढीचोर." १८५५ साली हजारएक मेंढ्यांचा कळप हाकत चाललेला हा स्कॉटिश माणूस पकडला गेला, सोबत फक्त एक कुत्री, फ्रायडे नावाची. निसटला, परत पकडला, तुरुंगात गेला, वर्षभराच्या आत माफीही मिळाली. आणि ज्या पठाराचा गोऱ्या वसाहतवाल्यांना तोवर पत्ताच नव्हता त्याला नाव पडलं या चोराचं.

मला एकदम आठवलं की आपल्या जुन्या संस्कृत धर्मशास्त्रांत 'साहस' हा गुन्ह्याचा प्रकार आहे! दिवसाढवळ्या जोरजबरदस्तीने केलेली लूट, मारहाण, ते साहस. म्हणजे शास्त्राच्या हिशोबाने मॅकेन्झी लपूनछपून चोरी करणारा की साहस करणारा यावर वाद घालता आला असता. आणि आज आपण शाळेच्या ट्रिपच्या पत्रकावर 'साहस शिबिर' छापतो, आईबाप सही करून पैसे भरतात. शब्दाने केवढी मजल मारली बघा. पण जुना वास पूर्ण गेलेला नाही. आई आम्हाला "नसतं साहस करू नकोस" म्हणायची, "छान साहस कर" कधी म्हणाली नाही.

टेकापोला तळ्याकाठी १९३५ सालचं दगडी चर्च आहे, त्याच्या जवळ मेंढपाळांच्या कुत्र्याचा पुतळा. तळ्याचं पाणी असं निळं की कुणीतरी नीळ सांडल्यासारखं, हिमनदीने खडक दळून केलेलं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून तो रंग. रात्री आकाश बघायचं होतं, ढग आले. झोपलो.

दिवस दुसरा: माउंट कुक

सकाळी निघालो तर थोड्या वेळाने आयरिशमन क्रीक नावाची पाटी गेली. दादा म्हणाला लक्षात ठेव, परवा सांगतो. (त्याला अशी कोडी घालायची सवय लहानपणापासून आहे, आणि 'परवा' येईपर्यंत तो स्वतःच विसरतो. या वेळी विसरला नाही.)

पुकाकी तळ्याच्या कडेकडेने पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, आणि समोर तो. आओराकी, म्हणजेच माउंट कुक, ३,७२४ मीटर. पूर्वी ३,७६४ लिहायचे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये एका रात्रीत माथ्याचा भला मोठा तुकडा कोसळला, आणि नंतरच्या मोजणीत अजून उंची कमी भरली.

आम्ही हूकर व्हॅलीची वाट चाललो, जाऊन येऊन दहा किलोमीटर, वाटेत तीन झुलते पूल. चिऊ याला 'ट्रॅम्पिंग' म्हणते. आपण ट्रेक म्हणतो त्याला तिकडे ट्रॅम्प म्हणतात, आणि आमच्या शाळेतल्या इंग्रजीत ट्रॅम्प म्हणजे भणंग भटक्या. मी तिला म्हटलं तुझ्या आजीला सांगितलं की नात ट्रॅम्पिंग करते तर ती दृष्ट काढेल. झुलत्या पुलावर वारा इतका की वहिनीची ओढणी उडाली ती थेट माझ्या तोंडावर, तिने पुलाच्या मधोमध उभं राहून मारुतीस्तोत्र सुरू केलं, मागून येणारे दोन जर्मन शांतपणे थांबले, त्यांना बहुतेक वाटलं इथे तशी पद्धत असेल.

गावात परत आलो तर जुन्या हॉटेलसमोर एडमंड हिलरीचा पुतळा, डोंगराकडे बघत उभा. एव्हरेस्टच्या आधी हा माणूस इथल्या बर्फावर तयार झाला, १९४८ मध्ये या आओराकीवर चढला. पाच डॉलरच्या नोटेवर तोच आहे, आणि जिवंतपणी नोटेवर आला, १९९२ पासून. आता गंमत अशी की एव्हरेस्ट उतरल्यावर खाली भेटलेल्या आपल्या मित्राला, जॉर्ज लोला, तो काय म्हणाला? "वेल जॉर्ज, वुई नॉक्ड द बास्टर्ड ऑफ." झालं. तेनझिंग आणि तो जगाच्या टोकावर जाऊन आलेले आणि एकही विशेषण नाही. मराठीत सांगायचं तर 'लोळवला रे त्या भडव्याला' असं काहीतरी होईल, पण हे मी छापील कामात लिहिलं तर पुन्हा काम मिळायचं नाही.

आणि माझ्या ब्रोशरमधला दहा फुटांचा ट्रॅम्पोलिन मात्र 'एपिक'.

आओराकीची पहिली चढाई १८९४ च्या नाताळच्या दिवशी झाली. फायफ, क्लार्क आणि ग्रॅहम, तिघे इथलेच. घाई का, तर इंग्लंडहून फिट्झजेराल्ड नावाचा गिर्यारोहक आपला स्विस-इटालियन गाइड घेऊन निघाला होता शिखर सर करायला, यांना वाटलं आपल्या अंगणातला डोंगर पाहुण्याने का न्यावा. साहेब पोचेपर्यंत काम उरकलेलं. तो इतका खट्टू झाला की मग या शिखराला त्याने हातच लावला नाही.

पण मला जास्त वेळ धरून ठेवलं ते फ्रीडा द्यु फॉरने. सिडनीची बाई, ३ डिसेंबर १९१० ला शिखरावर पोचलेली पहिली स्त्री. चढाईची काळजी राहिली बाजूला, हॉटेलातल्या बायकांना चिंता ही की परक्या पुरुष गाइडबरोबर एकटीने डोंगरात रात्र काढली तर नाव खराब होईल. एका चढाईला तर केवळ लोकलाजेसाठी तिच्यासोबत एक हमाल दिला होता. आणि कपडे काय, तर गुडघ्याखालपर्यंत स्कर्ट आणि आत तुमान.

इथे मला 'बोल्ड' शब्द अडला. इंग्रजीत बोल्ड म्हणजे धीट, बेधडक, न कचरणारं. फ्रीडा बोल्डच. पण मराठीत बोल्ड लिहून बघा! क्रिकेटवाल्याला वाटेल आउट झाली, डीटीपीवाला अक्षर जाड करेल, आणि बातम्यांच्या साइटवर तर अमुक अभिनेत्रीचा बोल्ड अंदाज म्हणजे कमी कपडे, दुसरा अर्थच शिल्लक नाही. शंभर वर्षांपूर्वी एक बाई डोंगरावर चढली तर लोकांनी तिच्या स्कर्टचीच चर्चा केली, आणि आपण तो शब्द उचलला तोही कपड्यांच्याच खात्यात टाकला. मी हे बोलून दाखवलं तर दादा म्हणाला, "तू फार विचार करतेस, सूप गार होतंय."

दिवस तिसरा: क्वीन्सटाउनकडे

बराचसा दिवस गाडीत. लिंडिस पास, पिवळ्या गवताचे डोंगर, चित्रातल्यासारखे पण तासाभराने तेच. क्रॉमवेलला रस्त्याकडेला माणसापेक्षा उंच फळांची शिल्पं, फोटो काढले. जर्दाळू घेतले, छान होते.

आणि मग कावाराउ पूल. १८८० सालचा झुलता पूल, सोन्याच्या खाणींच्या काळातला, खाली त्रेचाळीस मीटरवर हिरवी-निळी नदी. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या दोघांनी इथे पैसे घेऊन लोकांना दोरीला बांधून फेकायचा, म्हणजे बंजी जंपिंगचा, धंदा सुरू केला, कायमस्वरूपी असा जगातला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी हॅकेट पॅरिसला आयफेल टॉवरवरून उडी मारून पोलिसांच्या ताब्यात जाऊन आला होता. पण उडीची कल्पना त्याची नव्हे, वानुआतूच्या पेंटेकोस्ट बेटावर लोक पायाला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उडी घेतात, पिढ्यानुपिढ्या. ते बघून ऑक्सफर्डच्या काही मुलांनी १ एप्रिल १९७९ ला ब्रिस्टलच्या पुलावरून रबरी दोरीने उडी मारली, त्यांच्या मंडळाचं नाव डेंजरस स्पोर्ट्स क्लब, तारीख एप्रिल फूलची. तिथून हे लोण हॅकेटपर्यंत.

आम्ही गॅलरीतून अर्धा तास बघत उभे. मी वही काढून लोक काय बोलतात ते लिहीत बसले होते. उडी मारायच्या आधी अमेरिकन मुलगी: ओ माय गॉड सात वेळा. उडी मारल्यावर: ओ माय गॉड नऊ वेळा. एक आयरिश म्हातारा, आधी काही नाही, नंतर "ग्रँड". दोरी बांधणारा पोरगा प्रत्येकाला एकच, "स्वीट ॲज". स्वीट ॲज काय? चिऊ म्हणाली काहीच नाही, स्वीट ॲज, वाक्य तिथेच संपतं. उपमा द्यायला सुरुवात करायची आणि उपमानच द्यायचं नाही! आमच्या अलंकाराच्या सरांना झीट आली असती.

परतताना गाडीत मी विचारलं की हे सगळं याच देशात का वाढलं. दादाचं उत्तर इंजिनीअरचं होतं. इथे १९७४ पासून सरकारी अपघात विमा आहे, एसीसी म्हणतात, चूक कुणाची हे न बघता अपघातातल्या माणसाचा उपचार सरकार बघतं, पर्यटकाचासुद्धा, आणि त्याच्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कुणाला सहसा कोर्टात खेचता येत नाही. अमेरिकेत हा धंदा वकिलांनी पहिल्याच वर्षी खाल्ला असता. पुढे अपघात झाले तेव्हा नियम कडक झाले, २०११ पासून अशा धंद्यांना सुरक्षेचं ऑडिट करून नोंदणी करावी लागते. म्हणजे या धाडसाच्या मागे धाडस कमी आणि कायदा जास्त.

दिवस चौथा: शॉटओव्हर

सकाळी शॉटओव्हर नदीवर जेट बोट. बसायच्या आधी सहीला एक कागद येतो. मी सवयीने पूर्ण वाचला, मागची रांग चुळबुळत होती. बाहेर बोर्डावर जेवढी विशेषणं होती त्यातलं एकही आत नाही. एक्झिलरेटिंग नाही, थ्रिलिंग नाही. जोखीम, गंभीर इजा, मृत्यू. तीन नामं, संपलं. एकाच धंद्याच्या दोन भाषा, दारावरची एक आणि सहीच्या कागदावरची दुसरी. हे मनात ठेवून सही केली.

दादाचं कोडं इथे सुटलं. आयरिशमन क्रीक हे बिल हॅमिल्टनचं मेंढ्यांचं रान. तिकडच्या नद्या रुंद पण उथळ, साध्या बोटीचा पंखा तळाच्या गोट्यांना लागून मोडायचा. म्हणून या शेतकऱ्याने १९५० च्या दशकात पंखाच काढून टाकणारी युक्ती बसवली, बोटीने खालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, बोट पुढे. दहा सेंटीमीटर पाण्यावरूनसुद्धा पळते. कुणाला थ्रिल द्यायला केलेली नव्हती ती, उथळ नदीतून जायला केली होती.

आता मात्र ती आम्हाला घेऊन दगडी घळीतून ताशी ऐंशी-नव्वदने सुटली आणि प्रत्येक वळणावर कातळ असा जवळून जाई की मी खांदा आत घेत होते, जणू माझ्या खांद्यानेच बोट वाचणार होती. चालवणाऱ्याने हात वर करून बोट गोल फिरवलं, तर्जनी, जशी आपण पंखा लाव म्हणून खूण करतो तशी, आणि पुढच्या क्षणी बोट जागच्या जागी गर्रकन फिरली, सगळं पाणी माझ्या चष्म्यावर. माझं लक्ष हातांकडे गेलं. समोरच्या दांड्यावर मुठी आवळलेल्या, बोटांची पेरं पांढरीफटक, रक्त पार गेलेलं. व्हाइट-नकल! शब्दकोशात वीस वेळा वाचलेला शब्द, पहिल्यांदा माझ्याच हातावर दिसला. आणि उजव्या हातातली काचेची बांगडी वाढवली होती, कधी ते कळलंच नाही, मनगटावर बारीकसा ओरखडा.

वहिनी? ती पूर्ण वेळ हसत होती. मारुतीस्तोत्र वगैरे काही नाही, लहान मुलीसारखी खिदळत होती, उतरल्यावर म्हणाली परत जाऊ या का. झुलत्या पुलावर जिची गाळण उडाली तीच ही. माणसाची भीती कुठल्या खणात असते काही सांगता येत नाही.

संध्याकाळी हॉटेलवर शब्दांची व्युत्पत्ती काढत बसले, हा माझा दारूसारखा नाद आहे. थ्रिल म्हणजे जुन्या इंग्रजीत भोक पाडणं, आरपार टोचणं. नॉस्ट्रिलमधला ट्रिल तोच, नाकाचं भोक. म्हणजे थ्रिल आतून भोसकतं, आणि आपला थरार थरथरीतून येतो, तो बाहेरून हलवतो. उच्चारात भाऊ वाटतात, नातं काही नाही. प्लकी म्हणजे धीट, पण प्लक हा खाटकाचा शब्द, जनावराच्या आतून ओढून काढलेलं हृदय, यकृत, फुप्फुसं. नि आपला जिगरबाज? जिगर म्हणजे फारसीत यकृतच! इंग्रज आणि फारसी दोघंही धैर्य शोधायला खाटकाच्या दुकानात गेले. हेअर-रेझिंग तर सरळ आपलं रोमहर्षक आहे, केस उभे राहणं, शब्दाला शब्द. पण आपण रोमहर्षक इतकं वापरलं, विशेषतः शेवटच्या षटकातल्या विजयांना, की त्यातला केस कधीच गळून पडला.

दिवस पाचवा: वाकाटिपू

आरामाचा दिवस. वाकाटिपू तळं ऐंशी किलोमीटर लांब, आणि त्याचं पाणी दर पंचवीस-एक मिनिटांनी चार बोटं चढतं-उतरतं. माओरी कथेत तळाशी जळालेल्या राक्षसाचं काळीज आहे, ते अजून धडधडतं म्हणून. मी काठावरच्या एका दगडावर खूण धरून बसले होते पण दर वेळी कुठलीतरी बोट जायची आणि लाटा यायच्या, काही कळलं नाही.

दुपारी अर्न्सलॉ बोटीत बसलो, १९१२ सालची, अजून कोळशावर चालते. वरच्या कठड्यावरून खाली इंजिनघर दिसतं, दोन माणसं फावड्याने भट्टीत कोळसा टाकतायत, झाकण उघडलं की तोंडावर धग येते, झाकण बंद, परत फावडं. चिऊ म्हणाली, "आत्या, आय ॲम सो स्टोक्ड फॉर टुमॉरो." आणि मी तिचा हात धरून तिला खाली दाखवलं, तो माणूस बघ, त्याला स्टोकर म्हणतात, तू आत्ता जे म्हणालीस ते हे. तिला माहीतच नव्हतं. रोज तोंडात असलेला शब्द समोर फावडं घेऊन उभा होता. मराठीत? आज गडी पेटलाय! हा मात्र मला झटकन सुचला आणि फार बरं वाटलं, कारण आगीला आग मिळाली.

रात्री तिच्याशी खेळ मांडला. ब्रेव्ह, डेअरिंग, गट्सी, रेकलेस, फूलहार्डी यातला फरक सांग. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "आत्या, वाचला तर डेअरिंग, मेला तर रेकलेस." मी हसले पण मग पटलंही, आपल्याकडे पण जमलं तर धाडस आणि फसलं तर आगाऊपणा, कुणी सांगितला होता नसता उपद्व्याप. तिला मी आपलं मराठीतलं 'डेरिंग' ऐकवलं, "डेरिंग आहे का रे" हे नाम असतं, अंगात असतं किंवा नसतं, रक्तगटासारखं. आणि 'डेंजर' हे कौतुक असतं, डेंजर गातो तो. तिला डेंजर गातो फार आवडलं.

दिवस सहावा: पूल

मी पण नाव नोंदवलं होतं. का ते विचारू नका. ब्रोशर हे एक कारण, जेट बोटीने चढलेला ताव हे दुसरं, आणि दादाला बीपीमुळे डॉक्टरांनी नको सांगितलं होतं तेव्हा चिऊबरोबर कुणीतरी हवं हे तिसरं.

वजन करून हाताच्या मागच्या बाजूला लाल मार्करने आकडा लिहितात. चारचौघांत माझं वजन माझ्या हातावर, हीच पहिली उडी. मग फळीवर बसवून घोट्यांभोवती चक्क टॉवेल गुंडाळला, साधा, आंघोळीचा असतो तसा, त्यावर पट्टा, त्यावर दोरी. एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या मुळाशी एक टॉवेल बघून मला थोडं हसू आलं, थोडं नाही आलं. पाय एकत्र बांधलेले, त्यामुळे टोकापर्यंत पोत्यांच्या शर्यतीसारखं इंच इंच सरकत जायचं.

चिऊ आधी गेली. वळून पाहिलंसुद्धा नाही, हात पसरले आणि गेली. दादा गॅलरीत पाठ करून उभा होता, मला वरून त्याचं टक्कल दिसत होतं. खाली रबरी होडीतल्या लोकांनी तिला काठीने ओढून घेतलं, पायऱ्या चढून वर आली, केस ओले, ओठ निळे. कसं होतं गं? "येह, वॉज ऑल राइट." हिलरीची खरी नात.

मग मी. टोकावर उभी राहिले. पायाची बोटं फळीच्या बाहेर. त्या पोराने सांगितलं समोरच्या डोंगराकडे बघा, मी नदीकडे बघितलं. नदी हिरवी होती, आणि एका जागी पाणी दगडाला वळसा घालून जात होतं, ते वळसा घालणंच मला दिसत राहिलं. पाच चार तीन दोन एक झालं. मी तिथेच. परत पाच चार तीन दोन एक. मी त्याला मराठीत म्हटलं, "नाही रे बाळा." त्याला भाषा कळली नाही, अर्थ कळला. "नो वरीज"वाल्या सुरात "ऑल गुड," म्हणाला, पट्टा धरून हळूच मागे घेतलं, टॉवेल सोडला, घडी केली, पुढच्या माणसाला बोलावलं. इतकं साधं. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

गाडीत पाच मिनिटं शांतता. मग चिऊ म्हणाली, "आत्या पाइक्ड." पाइक म्हणजे ऐन वेळी माघार घेणं, तिकडचा शब्द. मी म्हटलं आमच्यात याला कच खाणं म्हणतात. पुढच्या सीटवरून दादा म्हणाला, "शेपूट घातली." वहिनी म्हणाली, "अहो, असं काय बोलता, अवसान गळालं म्हणा." आणि मग जे सुरू झालं ते अर्धा तास थांबेना. पाचावर धारण बसली. बोबडी वळली. दातखीळ बसली. तोंडचं पाणी पळालं. धाबं दणाणलं. गर्भगळीत झाली. घाबरगुंडी उडाली, भंबेरी उडाली, त्रेधातिरपीट उडाली. हातपाय गाळले. पोटात गोळा आला. काळजाचा ठोका चुकला. टरकली. तंतरली. दादाला कॉलेजमधलं एक आठवलं, वहिनीने त्याच्या खांद्यावर चापट मारली, "पोरगी आहे गाडीत," पोरगी म्हणाली मला माहितेय तो शब्द, फाटली.

मी वहीत लिहून घेत होते आणि लिहिता लिहिता डोक्यात दिवा लागला. मी आठवडाभर थ्रिलला धैर्याच्या कपाटात शोधत होते. तिथे आपल्याकडे थोडे आणि झिजलेले शब्द आहेत. भरलेलं कपाट बाजूचं होतं, भीतीचं! आणि तिकडे प्रत्येक शब्दाला अंग आहे, दात आहेत, पोट आहे, जीभ आहे. लोक पैसे देऊन जे घ्यायला जातात ते हेच तर असतं, घरी परत यायची खात्री असलेली घाबरगुंडी.

नंतर

पुण्याला येऊन जेटलॅगमध्येच ब्रोशर पुन्हा केलं, तीन दिवसांत, फार वर्षांनी कामात मजा आली. झिपलाइनला लिहिलं, 'दोन मिनिटं जीव टांगणीला!' दोरीच्या पुलाला, 'जीव मुठीत धरून या, तसाच परत न्या.' मोठ्या झोक्याला 'पोटात गोळा, तोंडात किंकाळी.' उंचावरून सोडतात त्याला 'बोबडी वळेल, हमखास.' थरारक एकदाच ठेवला, शेवटच्या पानावर, बिचारा जुना नोकर म्हणून.

चौथ्या दिवशी मेल आला. मॅडम, भाषा छान आहे, टीमला आवडली, पण लीगलचं म्हणणं आहे की 'जीव' हा शब्द कुठेही नको, 'हमखास' पण नको, आणि भीतीचे निगेटिव्ह शब्द टाळावेत, आम्ही आमच्याकडेच थोडे बदल केलेत, फायनल फाइल सोबत जोडली आहे, कृपया फक्त शुद्धलेखन तपासा.

फाइल उघडली, सर्च मारला. ३४.

शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी 'थरारकक' झालं होतं ते नीट केलं आणि बिल पाठवून दिलं.